वार्धक्याचे सोंग आणि शुश्रूषेचे अर्थकारण

परिचारिकांच्या शिक्षणात एक नवे साधन येऊ घातले आहे. विद्यार्थिनीच्या डोळ्यांवर चहूबाजूंनी बंद असा मोठा चष्मा चढवावयाचा, कानांवर ध्वनियंत्र बसवावयाचे आणि काही मिनिटे तिला पंचाहत्तरीला पोहोचलेल्या माणसाच्या जगात नेऊन सोडावयाचे. ती मान वळवील तिकडे दृश्य वळते. समोरच्या माणसाकडे पाहू जावे तर नेमका त्याचा चेहराच काळ्या डागाआड लपतो. बोलणाऱ्याचे निम्मे शब्द ऐकू येतात, निम्मे नुसत्या गुणगुणण्यासारखे वाटतात. यालाच ‘आभासी वास्तव’ असे नाव आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत वृद्धशुश्रूषेच्या शिक्षणासाठी त्याचा वापर होऊ लागला, त्याला आता दहा वर्षे होऊन गेली. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात कृत्रिम प्रसंग उभे करून शिकविण्याच्या पद्धतीवर भर दिल्याने या साधनाला आपल्या महाविद्यालयांचे दार उघडे झाले आहे.

समाजवादी चळवळीने याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? विषय वरवर पाहता शिक्षणतंत्राचा आणि म्हणून पक्षाच्या साप्ताहिकात अस्थानी वाटण्याजोगा आहे. पण संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ साली देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के होती. २०५० साली ती ३४.७ कोटी, म्हणजे २०.८ टक्के होईल असा अंदाज आहे. दर पाच माणसांत एक वृद्ध असणाऱ्या त्या समाजात शुश्रूषा कोणी करावयाची, कोणत्या मोबदल्यावर करावयाची आणि ती कोणाच्या वाट्याला यावयाची, हा येत्या पिढीपुढचा एक मोठा वर्गीय प्रश्न आहे. यंत्राचा विचार त्या प्रश्नाच्या संदर्भातच करावयास हवा.

सोंगाचा इतिहास

वृद्धत्व ‘अनुभवून पाहण्याची’ कल्पना यंत्राहून जुनी आहे. पॅट्रिशिया मूर ही अमेरिकन औद्योगिक रचनाकार १९७९ साली सव्वीस वर्षांची होती. वृद्धांना आपण बनवितो त्या वस्तू कशा वापरता येत असतील, हे जाणून घेण्यासाठी तिने रंगभूषाकाराच्या मदतीने ऐंशी वर्षांच्या बाईचे सोंग घेतले. डोळ्यांत दृष्टी धूसर करणारी भिंगे, कानांत बोळे, सांध्यांना आखडून टाकणाऱ्या पट्ट्या अशा वेषात ती १९८२ पर्यंत अमेरिका व कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत हिंडली. तिच्या या उद्योगातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. तिने एकाच म्हातारीचे सोंग घेतले नाही. कधी ती सुखवस्तू घरातील वृद्धा झाली, कधी मध्यमवर्गीय, तर कधी रस्त्यावर राहणारी निर्धन बाई. म्हातारपणाला वर्ग असतो, हे तिला चष्म्यावाचूनही कळले होते.

पुढे मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. संस्थेच्या प्रयोगशाळेने गुडघे, कोपरे, मान यांच्या हालचाली अडविणारा पोशाख तयार केला. मेलबर्नमध्ये २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जग कसे दिसत असेल ते दाखविणारी आभासी खोली सुरू झाली. ब्रिटनमध्ये २०१६ साली ‘अल्झायमर्स रिसर्च यूके’ या संस्थेने तोच अनुभव साध्या मोबाइल फोनवर आणि पुठ्ठ्याच्या डबीसारख्या चष्म्यातून देण्याची सोय केली. त्याच सुमारास अमेरिकेत ‘आल्फ्रेड’ नावाच्या ७४ वर्षांच्या काल्पनिक गृहस्थाचे आयुष्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करणारा छोटासा आभासी प्रसंग निघाला. आल्फ्रेडच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला आहे आणि त्याला कमी ऐकू येते. घरच्यांना मात्र वाटते की म्हाताऱ्याची बुद्धीच चळली. ज्या विद्यार्थ्याने घटकाभर आल्फ्रेड होऊन पाहिले, तो पुढे कोणा वृद्धाने प्रश्नाला उत्तर दिले नाही म्हणून त्याला लगेच ‘भ्रमिष्ट’ ठरविणार नाही, अशी त्यामागील अपेक्षा आहे.

ती रास्त आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला मोतीबिंदू ठाऊक असतो तो पुस्तकातील आकृतीतून. आजोबा जिन्याच्या शेवटच्या पायरीशी का घुटमळतात, पांढऱ्या ताटलीतील भात त्यांना नीट का दिसत नाही, कानाशी ओरडून सांगितल्याने शब्द स्पष्ट न होता नुसता गोंगाट का वाढतो, आणि समोर बसून, ओठ दिसतील असे, खालच्या पट्टीत व सावकाश बोलल्याने काम का भागते, हे सारे वीस व्याख्यानांपेक्षा वीस मिनिटांच्या अशा अनुभवाने मनावर अधिक ठसेल. जिवंत माणसाला इजा न करता चूक करता येणे, ही तर शिक्षणातील मोठीच सोय आहे. यंत्र म्हटले की नाक मुरडणे ही समाजवाद्यांची परंपरा नव्हे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो माणसाच्या हाताला बळ देणारे, स्थानिक पातळीवर चालविता येणारे यंत्र हवे म्हणून. पुठ्ठ्याची डबी आणि वर्गातील एखादा फोन एवढ्यावर काम भागत असेल तर ते साधन लोहियांच्या कसोटीला उतरण्याजोगे आहे.

घटकाभराच्या अनुभवात न मावणारे

परंतु या अनुभवाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे ओळखल्या पाहिजेत. आरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञेने आपल्या सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोळसांना काही वेळ डोळे बांधून वावरावयास लावले आणि नंतर अंधांच्या कर्तृत्वाविषयी त्यांचे मत विचारले. आढळले ते असे की, अंध माणूस नोकरी करू शकेल, स्वतंत्रपणे राहू शकेल, यावरील त्यांचा विश्वास वाढण्याऐवजी घटला. कारण उघड आहे. डोळे बांधलेला माणूस पहिल्या काही मिनिटांची धडपड तेवढी अनुभवतो; वर्षानुवर्षांच्या सवयीने अंध माणसाने कमावलेले कौशल्य त्याला अनुभवता येत नाही. वृद्धांचेही असेच आहे. कोणीही एका क्षणात म्हातारा होत नाही. हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या इंद्रियांशी जुळवून घेत, युक्त्या शोधत, घरातील प्रत्येक कोपरा हाताला पाठ करून घेत माणूस वृद्ध होतो. त्या कमावलेल्या शहाणपणाऐवजी विद्यार्थिनीला नुसती असहायता दिसली तर तिच्या मनात कीव उत्पन्न होईल. कीव आणि आदर या दोन भावना शुश्रूषेत परस्परांच्या उलट दिशेने काम करतात. कीव करणारी परिचारिका वृद्धाच्या हातातील चमचा काढून घेते. आदर बाळगणारी तो चमचा त्याच्याच हाती राहू देते आणि थांबते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. यंत्र शरीराची व्यथा दाखविते, परिस्थितीची दाखवीत नाही. आल्फ्रेडला घर आहे, कुटुंब आहे, गाठावयास डॉक्टर आहे. आपल्याकडील वृद्धत्व पुष्कळदा साठीची वाटही पाहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांवरील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजून २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. हंगामातील एकही खाडा परवडत नाही म्हणून ऐन तारुण्यात अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या शरीरातून बीजांडकोशही काढले गेले असतील, तर तिची हाडे लौकर ठिसूळ होतात. जन्मतारखेच्या हिशेबाने ती प्रौढ असेल, पण देहाच्या हिशेबाने वृद्धच. तिचे जग दाखविणारा चष्मा कोणी बनविला आहे? आणि बनविला तरी तो काही मिनिटांनी उतरविता येतो. तिला आपला देह उतरवून ठेवता येत नाही. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. दारिद्र्याचेही येत नाही.

टंचाई कशाची?

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. कोणत्याही साधनावर खर्च करताना आपण प्रथम विचारतो, टंचाई नेमकी कशाची आहे? आभासी वास्तवाच्या पुरस्कर्त्यांचे गृहीत असे की, टंचाई सहानुभूतीची आहे. परिचारिकांना वृद्धांचे दुःख कळत नाही, ते कळले की शुश्रूषा सुधारेल. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात दर पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात रात्री चक्कर टाकणाऱ्या कार्यकर्त्याला हे मानक आणि वास्तव यांतील अंतर मोजण्यासाठी अहवालाची गरज पडणार नाही. समजा, एका वॉर्डात चाळीस रुग्ण आहेत, त्यांपैकी दहा वृद्ध अंथरुणाला खिळलेले आहेत आणि रात्रपाळीला एकच परिचारिका आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी, असे तिला शिकविलेले असते. एकेकाला पाच मिनिटे धरली तरी दर दोन तासांतील पन्नास मिनिटे कूस बदलण्यातच जातील. आणि हे काम नीट करावयाचे तर दोन माणसे लागतात. औषधे, सलाईन, नोंदी, तातडीचा रुग्ण, नातेवाइकांचे प्रश्न हे सारे उरलेल्या वेळात. या मुलीला आल्फ्रेडचे दुःख कळत नाही म्हणून म्हाताऱ्याच्या पाठीला जखम होते, असे कोण म्हणेल? तिला ते कळते. म्हणूनच तर ती ड्यूटी संपवून घरी जाताना अपराधी मनाने जाते. जिथे वेळच नाही तिथे प्रयोगशाळेत वाढविलेली सहानुभूती दुसऱ्या कोणत्याही कामी न येता तिच्याच मनस्तापात रूपांतरित होते.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते. पण चार वादकांनी मिळून वाजवावयाच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. तेथे उत्पादकता वाढविणे म्हणजे संगीत बिघडविणे. शुश्रूषा याच वर्गात मोडते. गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धाला घास भरविण्याचा वेग वाढविता येत नाही. वाढविला तर घास श्वासनलिकेत जातो. याचा अर्थ असा की, बाकी अर्थव्यवस्था जसजशी संपन्न होईल तसतशी शुश्रूषा सापेक्षतेने महाग होत जाणार, आणि तो खर्च समाजाने उचलल्यावाचून गत्यंतर नाही. तो उचलावयाचा नसेल तर दोनच मार्ग उरतात. शुश्रूषा करणारीचे वेतन दडपावयाचे, किंवा तिच्या वेळेऐवजी यंत्र पुढे करावयाचे. आपल्या देशात पहिला मार्ग सर्रास वापरला गेला आहे. दुसऱ्याची आता सुरुवात होत आहे.

पहिल्याचा पुरावा दूर शोधावयास नको. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ सालच्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांनी राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे. १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी ते फार तर १० टक्क्यांनी आणि ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्क्यांनी कमी असावे. त्याहून लहान रुग्णालयांतही २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन देऊ नये, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपविण्यात आली. केरळात परिचारिकांच्या संघटनेने रस्त्यावर येऊन लढा दिला, तेव्हा तेथील सरकारने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्या महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्य संस्थेमार्फत होऊ घातलेल्या कंत्राटी भरतीविरुद्ध. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना केली आणि समाजाचा रोष पत्करून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, ते त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून. शतक उलटल्यावर त्याच व्यवसायातील स्त्रीला अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर उभे करणे ही प्रगती खास नव्हे.

दुसऱ्या मार्गाचा धोका शिक्षणात सर्वांत अधिक आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग विद्यालयांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे निम्म्यापर्यंत तास कृत्रिम प्रसंगांच्या शिक्षणाने भरून काढले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत उणेपणा येत नाही, असे त्यात आढळले. हा अभ्यास आपल्याकडेही पुढे केला जाईल. म्हणून त्यातील अट नीट वाचली पाहिजे. ते शिक्षण प्रशिक्षित अध्यापकांनी दिलेले होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर काय घडले, का घडले यावर विद्यार्थ्यांशी सविस्तर चर्चा होत असे. म्हणजे यंत्र आले तरी शिक्षकाचे तास वाचत नाहीत. आपल्याकडे खाजगी नर्सिंग महाविद्यालयांचे जे पेव फुटले आहे, त्यातील कित्येकांत ना पुरेसे अध्यापक आहेत, ना रुग्ण असलेले रुग्णालय. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी करावी लागली. आणि २०२४ साली लाच घेऊन अनुकूल अहवाल दिल्याच्या आरोपावरून तपासणी पथकातील अधिकाऱ्यांनाच अटक झाली. अशा बाजारात दहा हेडसेट विकत घेऊन ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’ अशी पाटी लावणे हे शंभर खाटांचे रुग्णालय चालविण्यापेक्षा किती स्वस्त पडेल, याचा हिशेब संस्थाचालकांनी केव्हाच केला असेल.

घरातील अदृश्य परिचारिका

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी निसटते. आपल्याकडील बहुसंख्य वृद्ध रुग्णालयात नसतात. ते घरी असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना, स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. त्यांची शुश्रूषा सून करते, लेक करते, पत्नी करते. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरकामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला राबत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. आजारी सासऱ्याची शुश्रूषा या ओझ्यावर आणखी चढते; राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत तिचा एक पैसाही दिसत नाही.

ज्यांना परवडते त्या शहरी घरांत ब्युरोमार्फत ‘मावशी’ येते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ती स्वतः पन्नाशीची, गुडघ्यांनी पिडलेली, तिच्या घरची म्हातारी कोणा शेजारणीच्या भरवशावर. तिच्या पगारातून ब्युरो आपला वाटा आधी कापून घेतो. तिला ना प्रशिक्षण, ना साप्ताहिक सुटीची हमी, ना विमा. नर्सिंग पदवीच्या विद्यार्थिनीला लाखमोलाच्या यंत्रातून वार्धक्य दाखविणाऱ्या व्यवस्थेने या मावशीला रुग्णाला पाठ न दुखविता खाटेवरून कसे उठवावे, एवढे तरी शिकविले आहे काय?

आणि ज्याला मावशी परवडत नाही त्याचे काय? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आहे. किती महागाई आली आणि गेली, तो तेथून हललेला नाही. महाराष्ट्राच्या योजनेला नाव श्रावणबाळाचे आहे. त्या कावडीतून दरमहा १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये मिळतात. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पेन्शन परिषदेने २०१२ साली दिल्लीत सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी केली, ती अद्याप मागणीच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांपर्यंतचे छत्र मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण ते छत्र रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते. घरी अंथरुणावर पडलेल्याची रोजची आंघोळ, घास आणि कूस त्यात बसत नाही.

मालकी कोणाची, भाषा कोणाची?

यंत्राच्या मालकीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हेडसेट बनविणारी ‘ऑक्युलस’ ही कंपनी फेसबुकने २०१४ साली सुमारे २ अब्ज डॉलर मोजून घेतली, ती परिचारिकांच्या शिक्षणासाठी नव्हे. अशा यंत्राला काम करण्यासाठी मान कोठे वळली, हात कसा हलला हे सतत टिपावेच लागते. विद्यार्थ्यांच्या त्या नोंदी कोणाच्या संगणकात साठतात, आणि शिक्षणसामग्री दरवर्षी परवान्याचे शुल्क भरूनच मिळणार असेल तर सरकारी महाविद्यालयाने ते किती वर्षे भरावयाचे, हे प्रश्न खरेदीच्या निविदेवर सही करण्यापूर्वी विचारले पाहिजेत.

शिवाय परदेशी आल्फ्रेड आमच्या विद्यार्थिनीला कोठवर उपयोगी पडेल? तिला पाहावयाचे आहे ते एस.टी.ची उंच पायरी चढू पाहणाऱ्या आजींचे जग. रात्री अंगणापलीकडच्या संडासापर्यंतचे अंधारातील अंतर. चुलीच्या धुराने आधीच अधू झालेल्या डोळ्यांना दिसणारी औषधाची चिठ्ठी. सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून पुकारलेले आणि ऐकू न आलेले नाव. हे चित्रण कठीण नाही. चहूबाजूंनी चित्रित करणारा कॅमेरा आता कोणत्याही विद्यापीठाला परवडेल. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सरकारी नर्सिंग महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आणि परिचारिकांच्या संघटना यांना एकत्र बसवून मराठीत असे प्रसंग तयार करावेत आणि ते विनामूल्य सर्वांना खुले ठेवावेत. प्रसंग लिहिताना वृद्ध स्वतः हजर असले पाहिजेत. तसे झाले तरच त्यांची असहायता दिसेल तशी त्यांची हिकमतही दिसेल.

काय करावे

खरा ‘सर्वांगव्यापी’ अनुभव कोठे मिळतो, हे शोधावयास परदेशी जाण्याची गरज नाही. केरळात १९९३ साली कोळिकोड येथे वेदनाशमनाच्या कामाची सुरुवात झाली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात सामान्य स्वयंसेवकांच्या बळावर ते गावोगाव पोहोचले. २००८ साली राज्याने त्यासाठी धोरण जाहीर केले आणि पंचायतींच्या मार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. त्या घरभेटीत वृद्ध दिसतो, तसे त्याचे घर दिसते, थकलेली सून दिसते, रिकामा डबा दिसतो. आणि पुढच्या आठवड्यात त्याच घरी पुन्हा जावयाचे असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना कुटुंबे नेमून देऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावयास लावण्याची पद्धत आपल्या देशात अलीकडे सुरू झाली आहे. परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थ्यालाही निदान एक वर्ष एका वृद्धाच्या घराशी असेच जोडून द्यावे, आणि त्या भेटींना परीक्षेत गुण असावेत. आभासी चष्मा या भेटींच्या आधीची एक तासिका म्हणून जरूर वापरावा. भेटींच्या ऐवजी नव्हे. तो वापरला म्हणून प्रात्यक्षिकाचा एकही तास कमी होता कामा नये, अशी स्पष्ट अट नियामकाने घातली पाहिजे.

याबरोबरच आपल्या पक्षाने चार मागण्या सातत्याने लावून धरावयास हव्यात. रुग्णांमागे परिचारिकांचे प्रमाण कायद्याने बंधनकारक करणे. २०१६ च्या समितीच्या वेतन-शिफारशी महाराष्ट्रात लागू करणे आणि कंत्राटी भरती थांबविणे. घरी शुश्रूषा करणाऱ्या मावश्यांची नोंदणी, सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि किमान वेतन. आणि महागाईशी जोडलेले सार्वत्रिक वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. यांपैकी एकही मागणी यंत्राच्या विरोधात नाही. उलट या चार गोष्टी झाल्या तर त्या चष्म्यातून मुलगी जे शिकेल ते वॉर्डात वापरावयास तिला उसंत मिळेल.

कार्यकर्त्यांनी आरंभ माहितीपासून करावा. आपल्या जिल्ह्यात नर्सिंगची महाविद्यालये किती, त्यांना संलग्न रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण किती, अध्यापक किती, रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा, आणि शहरातील ब्युरो मावशीच्या पगारातून किती कापतात, एवढी पाच प्रश्नांची यादी प्रत्येक शाखेने हाती घ्यावी. परिचारिकांच्या संघटनेला, ज्येष्ठ नागरिक संघाला आणि मावश्यांना एका बैठकीत बोलवावे. आजवर ही तीन माणसे एकाच खाटेच्या तीन बाजूंना उभी असूनही एकमेकांशी बोललेली नाहीत. त्यांची उत्तरे घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि विद्यापीठाकडे जावे. यंत्र खरेदीची निविदा निघेल तेव्हा निघो. पदे भरण्याची जाहिरात तिच्या आधी निघाली पाहिजे, हा आपला आग्रह असावा.